डिसेंबरात लावलेला कूलर

हिवाळे सरांनी मला विचारलेला पहिला प्रश्न होता, "मॅडम, केस कधी धुतले?"

मी तेव्हा छत्तीस वर्षांची, दोन मुलांची आई, मलकापूरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी. पीएच.डी.साठी मार्गदर्शक हवा होता म्हणून सरांकडे गेले होते. विषय कोणता, वाचन किती, घर सांभाळून वेळ मिळेल का, या प्रश्नांची उत्तरं मी तयार करून नेली होती. केसांचं उत्तर तयार नव्हतं.

"सकाळी," मी म्हटलं.

"वाळले का पुरे?"

"नाही सर."

"मंग तिथंच थांबा. आत येऊ नका."

मी व्हरांड्यात आणि सर दाराच्या आत, असं आमचं पहिलं बोलणं झालं. आतल्या खोलीत इन्फ्रारेड स्पेक्ट्रोमीटर होता. या यंत्रात साध्या काचा चालत नाहीत, क्षाराच्या पारदर्शक चकत्या लागतात. हवेत दमटपणा वाढला की त्या चकत्या पाणी ओढतात, धुरकट होतात आणि कामातून जातात. त्यामुळे ओले केस, ओली ओढणी, चहाचा कप, छत्री यांतलं काहीही घेऊन त्या खोलीत जायला बंदी होती. पावसाळ्यात प्राचार्य आले तर तेही दाराशी उभं राहून बोलायचे. सर त्यांनाही "सर, पॅन्टच्या घड्या ओल्या हायेत" असं सांगायचे.

सरांना जाऊन आता वर्ष होईल. कॉलेजच्या वार्षिक अंकात त्यांच्यावर एक पान आलं. त्यात व्यासंगी, निगर्वी, विद्यार्थिप्रिय असे शब्द होते. ते खोटे नाहीत, पण तेच शब्द त्याच अंकात आणखी दोन निवृत्तांसाठीही वापरले होते. सर कसे होते ते त्यात कुठेच नव्हतं. म्हणून मला जेवढं माहीत आहे तेवढं लिहिते.

सर मूळचे धाडजवळच्या एका खेड्यातले. पंचवीसेक वर्षं मलकापुरात राहिले, तरी बोलणं गावचंच ठेवलं. वर्गात, कर्मचारी खोलीत, विद्यापीठाच्या बैठकीत, सगळीकडे "मले", "तुले", "काऊन". पुण्याकडची एक तपासणी समिती आली होती तेव्हाही त्यांनी यंत्राची माहिती याच भाषेत दिली आणि समितीतल्या बाई खाली मान घालून हसल्या. सरांना ते दिसलं होतं, त्यांनी मध्ये थांबून "समजून राह्यलं ना?" एवढंच विचारलं. शुद्ध मराठी त्यांना उत्तम येत होती, पण ती ते फक्त राग आल्यावर बोलायचे. "आपण हे काय केले आहे?" असं वाक्य त्यांच्या तोंडून आलं की विद्यार्थी पुढचं ऐकायला थांबायचे नाहीत.

त्यांचा दुसरा नाद बुटांच्या खोक्यांचा. नव्या बुटांबरोबर खोक्यात एक छोटी पांढरी पुडी येते, जी सगळे फेकून देतात. ती सरांना हवी असायची. स्टेशन रोडवरचा एक चपलांचा दुकानदार त्यांच्यासाठी त्या पुड्या डब्यात साठवून ठेवायचा. लग्नसराई संपली की सर डबा घेऊन यायचे आणि प्रथम वर्षाच्या वर्गात पुडी फाडून दाणे तळहातावर घ्यायचे.

"हे सिलिका. म्हणजे वाळूचीच जात. पण ह्या वाळूत नजरेले न दिसणारे भोकंच भोकं हायेत. ते सगळे भोकं उलगडून पसरले तर एका चमच्यात आख्खं खळं मावते. म्हणून हे हवेतलं पाणी पिते अन् तुमचे बूट कोरडे राह्यतात."

आमचं कामही याच जातीच्या वाळूवर होतं. भोकं असलेल्या सिलिकाच्या पोटात थोडं ॲल्युमिनियम बसवलं की ती पावडर आम्ल होते. हाताला लागत नाही, भाजत नाही, पिठासारखी दिसते, पण काम आम्लाचं करते. मलकापुरात सरकीच्या तेलाच्या गिरण्या आहेत. खराब झालेल्या तेलापासून इंधन करायचं तर त्यात जळजळीत आम्ल ओतावं लागतं आणि मग ते धुवत बसावं लागतं. त्याऐवजी ही पावडर टाकावी, काम झालं की गाळून घ्यावी, पुन्हा वापरावी, असा सरांचा बेत होता. प्रश्न एवढाच की पावडरीच्या भोकांत आम्ल आहे का, किती आहे आणि कोणत्या प्रकारचं आहे हे कळणार कसं.

त्यासाठी पिरिडीन नावाचा एक द्रव लागतो. त्याचा वास सडक्या माशासारखा. मी पाच वर्षं त्या वासात काढली. एस.टी.त माझ्या शेजारची जागा रिकामी राहायची आणि नवरा म्हणायचा, अंघोळ करून मग स्वयंपाकघरात जा. पावडर दाबून नखाएवढी पातळ चकती करायची, भट्टीत वाळवायची, पिरिडीनची वाफ द्यायची, सैल चिकटलेलं पिरिडीन पुन्हा तापवून उडवायचं आणि चकती यंत्रात ठेवायची. मग कागदावर आलेख येतो. त्यातली कोणती रेघ कुठे आली यावरून उत्तर मिळतं. सरांनी मला ते असं समजावलं होतं:

"पिरिडीन म्हणजे पाहुणा समजा. आत सोडला का तो जागा पाहून बसते. काही घरं अशी का मालक स्वतःच्या हातानं त्याले पाट देते. तिथं रेघ पंधराशे चाळीसले येते. काही घरं अशी का मालक नुसता हात पसरते, पाहुण्यानंच जवळचं काहीतरी द्यावं. तिथं रेघ चौदाशे पन्नासले. आपल्याले कोणती घरं पाहिजेत?"

"पाट देणारी."

"हाव. पंधराशे चाळीस."

पुस्तकात या दोन प्रकारांना दोन परदेशी माणसांची नावं आहेत. ती मी पाठ केली होतीच. पण ते कळलं त्या दिवशी.

आमच्या पावडरी काही पाट देत नव्हत्या. एकामागून एक सोळा नमुने झाले. चौदाशे पन्नास येत होतं, पंधराशे चाळीसला नुसता उंचवटा. माझी चार वर्षं गेली होती. विद्यापीठाचा नियम असा की प्रबंध देण्याआधी एक तरी शोधनिबंध छापायला हवा, आणि माझी मुदत पुढच्या मार्चला संपत होती. सर त्याच्याही आधी, जानेवारीअखेर, निवृत्त होणार होते. म्हणजे जे काही व्हायचं ते त्या उन्हाळ्यात.

मे महिन्यात कॉलेजला सुट्टी असते, यंत्र मोकळं मिळतं. आमच्याकडचा मे काय असतो ते बाहेरच्यांना सांगून कळत नाही. यंत्राच्या खोलीत एसी होता. शेजारच्या खोलीत, जिथे भट्टी आणि चकती दाबायचं यंत्र होतं, तिथे पत्र्याखाली एक पंखा. एके दुपारी भट्टीसमोर उभी असताना माझा घोळणा फुटला. आलेखाच्या वहीवर नाकातल्या रक्ताचे थेंब पडले. मी डोकं वर करून बसले, शेखभाईंनी, आमच्या प्रयोगशाळेच्या परिचरांनी, रुमाल भिजवून कपाळावर ठेवला. सर आले, पाहिलं. माझ्याकडून वही घेतली आणि म्हणाले, "घरी जा."

दुसऱ्या दिवशी भट्टीच्या खोलीच्या खिडकीत कूलर बसवलेला होता. वाळ्याच्या ताट्या, पाण्याची टाकी, सगळं. सरांनी स्वतःच्या घरचा कूलर ऑटोत घालून आणला होता. यंत्राच्या खोलीचं मधलं दार त्यांनी घट्ट लावून फटीत जुनी चादर कोंबली होती, म्हणजे ओली हवा यंत्राकडे जायला नको. मी म्हटलं, "सर, तुमच्या घरी?"

"आम्ही जुने लोक. आम्हाले काय होते?"

संध्याकाळी सरांच्या घरी गेले तर काकू, म्हणजे सरांच्या मिसेस, ओली चादर दारावर बांधून बसल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, "या. आमचा कूलर कॉलेजात शिकाले गेला. आम्ही अडाणी उकडून राह्यलो."

त्या कूलरखाली सतरावा नमुना झाला. पंधराशे चाळीसला रेघ अशी उभी राहिली की मला वाटलं कागद हलला. पुन्हा चकती केली, पुन्हा तीच. तिसऱ्यांदा तीच. सर पेन्सिलचं टोक त्या रेघेवर ठेवून बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "दिला बे पाट." मला बे म्हणायची त्यांची ती एकच वेळ. म्हटल्यावर लगेच "मॅडम" जोडलं.

निबंध लिहिला. लेखकांत माझं नाव पहिलं, सरांचं दुसरं. एका मोठ्या, परदेशी नियतकालिकाकडे पाठवला आणि ऑक्टोबरात तो स्वीकारल्याचं कळलं. सरांच्या सगळ्या नोकरीत इतक्या वरच्या जागी त्यांचं नाव गेलं नव्हतं. कॉलेजच्या फाटकावर आमच्या दोघांच्या फोटोचं फ्लेक्स लागलं. त्यात सरांचा फोटो लग्नातून कापलेला होता, खांद्यावर कुणाचातरी हात तसाच राहिला होता. सर येता-जाता त्याच्याकडे बघायचे नाहीत. पण काकूंना त्यांनी एकदा खास ऑटोने आणून ते दाखवलं, हे शेखभाईंनी मला सांगितलं.

निबंध छापून यायला अजून वेळ होता. डिसेंबरात सर म्हणाले, "सतरा नंबर एकदा थंडीत करून पाहू." काही कारण नव्हतं. त्यांची ती सवयच, एकाच गोष्टीकडे दोन ऋतूंत पाहायची. मी चकती केली. पंधराशे चाळीसला काही नाही.

मला वाटलं पावडर जुनी झाली. नवी केली. नाही. भट्टीचा तापमापक बदलला. पिरिडीनची नवी बाटली फोडली. नाही आणि नाही. आठ दिवसांत मी अकरा चकत्या केल्या आणि प्रत्येकीचं उत्तर तेच, की हे घर हात पसरणारं आहे. मी भट्टीला दोष देत होते, सर कशालाच दोष देत नव्हते. त्यांनी मे महिन्याचे आलेख काढले, डिसेंबरच्या आलेखांवर ठेवले आणि दोन्ही खिडकीच्या काचेला टेकवून उजेडात पाहत उभे राहिले.

"मॅडम, इकडं या. सोळाशे तीसला हे काय हाये?"

मेच्या आलेखात तिथे एक बारीक फुगवटा होता. डिसेंबरच्या आलेखात नव्हता.

"ते पिरिडीनचंच, सर. आपण निबंधात तसंच लिहिलंय. जवळच येतं ते."

"जवळच येते. पण पाणीबी तिथंच येते."

मग त्यांनी शेखभाईंना हाक मारली. "भाई, घरी जा. कूलर घेऊन या."

शेखभाई स्वेटर घालून, कान बांधून उभे होते. "कूलर, सर? इस मौसम में?"

"हाव. अन् ताट्या भिजवजा चांगल्या."

शेखभाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "मॅडम, सर की तबीयत तो ठीक है ना?"

कूलर आला. काकूंनी त्याच्याबरोबर सरांची मफलर आणि माझ्यासाठी एक शाल पाठवली होती, निरोप काही नव्हता. त्याच खिडकीत तो बसवला, मधलं दार लावलं, फटीत चादर कोंबली, सगळं मेसारखं. भर डिसेंबरात कूलर सुरू केला. दोन तास आम्ही तिघं त्या खोलीत बसून राहिलो. माझे दात वाजत होते. शेखभाईंनी दोनदा विचारलं की चहा बाहेर तरी पिऊ का. मग मी चकती भट्टीतून काढली, मेमध्ये ठेवायचे तशी थाळीत गार व्हायला ठेवली, आणि आत नेऊन यंत्रात घातली.

पंधराशे चाळीसला रेघ वर चढली.

"आली," सर म्हणाले. स्टेशनवर ज्या गाडीची वाट पाहत होतो ती आली, असं.

त्यांनी जाऊन कूलर बंद केला. खोली एकदम शांत झाली. मग ते माझ्याशी शुद्ध मराठीत बोलले, आणि राग माझ्यावर नव्हता.

"यंत्राचे दार मी चादरीने बंद केले. चकती मात्र त्या ओल्या हवेत उघडी ठेवू दिली. पंचवीस वर्षे मी मुलींना ओल्या केसांनी आत येऊ दिले नाही."

पुढचं ते पुन्हा आपल्या बोलीत म्हणाले. "पाणी त्या हात पसरणाऱ्या घरात जाऊन बसलं. अन् पाहुण्याले पाट दिला तो पाण्यानं. घरानं नाही."

मी शहाणपणाची गोष्ट बोलले, ती लिहायला हवी. मी म्हटलं, "सर, जगात दुसरं कोण या चकतीसमोर कूलर लावणार आहे? हे कुणालाही कधीच कळणार नाही. माझी मुदत मार्चला संपते. निबंध नाही तर प्रबंध नाही."

सर म्हणाले, "हाव, बरोबर हाये."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या टेबलावर एक पत्र ठेवलं. संपादकांना लिहिलेलं, निबंध मागे घेत असल्याचं, कारणासह. खाली दोन सह्यांची जागा. त्यांची सही झालेली होती.

"तुम्ही पहिल्या लेखिका. तुमच्या सहीशिवाय हे जाणार नाही."

"आणि मी नाही केली तर?"

"तर पेपर छापून येईन. म्या कोणाले काही सांगणार नाही."

मला त्यांचा राग आला तो यासाठी. ते खरंच कुणाला सांगणार नव्हते, हे मला माहीत होतं. त्यांनी हुकूम केला असता तर मी भांडले असते आणि मोकळी झाले असते. पत्र मी घरी नेऊन मसाल्याच्या डब्यांखालच्या खणात ठेवलं. आठ दिवस मी सरांशी कामापुरतंही बोलले नाही. ते रोज यायचे, माझ्या टेबलावर हरभऱ्याचा एक-एक टहाळा ठेवायचे, जसा दरवर्षी ठेवायचे, आणि आपल्या कामाला जायचे.

रविवारी सर आणि काकू घरी आले. पत्राचा विषय निघाला नाही. सर माझ्या नवऱ्याशी कापसाच्या भावाबद्दल बोलत बसले. काकू माझ्यामागे स्वयंपाकघरात आल्या.

"काय झालं हो मॅडम? म्या तीन दिवस मुद्दाम आळणी भाजी वाढून पाह्यली. एक शब्द नाही. नाहीतर एवढंसं मीठ कमी झालं तर ताटात बोट आपटते हा माणूस. तुम्ही काही बोलल्या का त्याईले?"

"मी काहीच बोलले नाही, काकू."

"मंग बोला न काहीतरी," काकू म्हणाल्या. "शिव्या द्या पाहिजे तर."

मी सोमवारी सही केली. मी स्वभावाने फार सत्यवादी आहे म्हणून नाही. रेल्वेत मुलाचं अर्धं तिकीट वय लपवून मीही काढलं आहे. पण मी ती रेघ कूलर लावल्यावर वर चढताना माझ्या डोळ्यांनी पाहिली होती. तो निबंध छापून आला असता तर दर वेळी त्याचं नाव लिहिताना मला ती ताट्यांतून टपटपणारी खोली आठवली असती, आणि मला डोक्यात पसारा चालत नाही. पत्र सरांच्या हातात दिलं तेव्हा त्यांनी ते वाचलंही नाही, घडी घालून खिशात ठेवलं. म्हणाले, "चहा घेता का?" आम्ही व्हरांड्यात उभ्यानं चहा घेतला.

संपादकांचं दोन ओळींचं उत्तर आलं. फ्लेक्स सरांनी स्वतः स्टुलावर चढून उतरवलं. शेखभाई धरायला गेले तर म्हणाले, "राहू द्या, मले जमते." ते घरी नेलं आणि काकूंनी त्यावर गच्चीत तुरीची डाळ वाळत घातली. मी गेले तेव्हा माझा फोटो डाळीखाली होता, सरांचा निम्मा बाहेर.

मग काम. मुदतवाढीसाठी अर्ज केला आणि कारणाच्या रकान्यात सरांनी जे घडलं तेच लिहिलं. लिपिकानं वाचून विचारलं, "मॅडम, आजारपण लिहा ना, लवकर मंजूर होते." सर म्हणाले, "आजारी कोणी नाही." सहा महिने मिळाले.

स्टेशनजवळ दुकानांच्या पाट्या करणारा एक पेंटर होता. त्याच्याकडून सरांनी ॲक्रिलिकची पेटी करून घेतली, दोन बाजूंना हात घालायला भोकं, त्यांना रबरी हातमोजे चिकटवलेले. आत बुटांच्या खोक्यांतल्या सगळ्या पुड्या फोडून ओतल्या. चकती भट्टीतून निघाली की थेट पेटीत, पेटीतून यंत्रात. हवेला तिचं तोंडही दिसायला नको. पेंटरनं पेटीवर सवयीनं रंगीत किनार काढली होती आणि एका कोपऱ्यात फूल. सरांनी ते पुसू दिलं नाही, "त्यानं मनानं काढलं" म्हणाले.

जानेवारीअखेर ते निवृत्त झाले. शाल, नारळ, भाषणं झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते फाटकावर पाहुण्यांच्या वहीत नाव लिहीत होते. भेटीचं कारण: चकत्या. गावी त्यांचं नवं घर तयार होतं. ते कुलूप लावून ठेवून नवरा-बायको मलकापुरात थांबले, माझे सतराही नमुने कोरड्या हवेत आणि मोजून ओल्या केलेल्या हवेत पुन्हा होईपर्यंत. काकू मला म्हणायच्या, "तुमचं लवकर उरका हो, माझ्या नव्या चुलीले अजून धूर माहीत नाही." पण डबा तिघांचा पाठवायच्या.

जे हाती आलं ते लहान होतं. आमच्या पावडरी पाट देणाऱ्या नव्हत्या. फक्त, हवेतलं पाणी या कामात माणसाला कसं आणि किती फसवतं, ते आम्ही मोजलं. एका लहान नियतकालिकात ते छापून आलं. प्रबंधही त्यावरच झाला. सरकीच्या तेलाचं काही झालं नाही. माझी बढती लांबली. बरोबरीच्या दोघी माझ्या पुढे गेल्या आणि अजून पुढे आहेत.

तोंडी परीक्षेला विद्यापीठात बाहेरच्या राज्यातले परीक्षक आले होते. कडक गृहस्थ. त्यांनी प्रबंधात मागे घेतलेल्या निबंधाचा उल्लेख शोधून त्यावर बोट ठेवलं आणि हिंदीत विचारलं, "यह पेपर वापस क्यों लिया गया?" मी नमुन्याची हाताळणी, आर्द्रता, असं सुरू केलं. माझा आवाज मलाच लंगडा वाटत होता. तेवढ्यात शेवटच्या रांगेतून सर उभे राहिले.

"सर, वो कूलर मेरा था."

परीक्षक म्हणाले, "कौन-सा कूलर?"

मग सरांनी अर्ध्या हिंदीत, अर्ध्या वऱ्हाडीत सगळं सांगितलं. घोळणा, ताट्या, फटीतली चादर, डिसेंबर, मफलर. "मॅडम का हाथ एकदम साफ हाये. गलती मेरी, अन् पकडी दोनों ने." लोक हसत होते. परीक्षक हसले नाहीत, पण त्यांनी फाइल मिटली. नंतर मला एकच प्रश्न विचारला, तो सोपा होता. चहाच्या वेळी ते सरांना कोपऱ्यात घेऊन उभे होते. मला वाटलं काही कमी-जास्त सांगताहेत. जवळ गेले तर ते आपल्या तिकिटाच्या मागे ॲक्रिलिकच्या पेटीची लांबी-रुंदी उतरवून घेत होते.

त्यानंतर सर आणि काकू गावी गेले. फोन व्हायचा, तोही तुरीच्या फुलांबद्दल आणि गुडघ्यांबद्दल. मी शेवटचं त्यांना पाहिलं ते धाडला, तीन वर्षांनी. बारावीच्या परीक्षेच्या भरारी पथकात माझी नेमणूक होती आणि त्या दिवशी धाडचा बाजार होता. काम संपवून मी गाडीकडे चालले होते, तर सर एका भाजीवालीसमोर उकिडवे बसून वांगी निवडत होते. बारीक झाले होते. शर्टाची कॉलर मानेपासून सुटून उभी होती.

"मॅडम!" ते उठायला लागले, मी बसा म्हटलं.

भाजीवालीनं विचारलं, "सर, ह्या कोन?"

"ह्या डॉक्टर हायेत."

"दवाखान्यातल्या?"

"नाही वो, कॉलेजातल्या. आमचा दोघाचा एक पेपर होता. लै मोठ्या जागी छापून येनार होता. फोटो लागले होते आमचे फाटकावर. मंग आम्ही तो वापस घेतला."

"काऊन?"

"चुकला होता."

"कोनं पकडला?"

"कोनीच नाही. आम्हीच पकडला अन् आम्हीच वापस घेतला."

बाईनं तराजू हातात तसाच धरून आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "कोनाले कळलंबी नव्हतं?"

"नाही."

"मंग येडेच म्हना की तुमी दोघं."

"हाव!" सर इतके खूश होऊन हसले की त्यांना खोकला आला. "तेच सांगून राह्यलो. दोघंबी!"

त्यांच्या गावाकडे जाणारी जीप भरत आली होती, ड्रायव्हर नावानं हाका मारत होता. मी पिशवी धरली, सर पुढच्या सीटवर दोघांत तिसरे अंग चोरून बसले. मी काचेतून "काकूंना नमस्कार सांगा" म्हटलं, त्यांनी मान हलवली. जीप वळली तेव्हा ते शेजारच्या फेटेवाल्या म्हाताऱ्याला माझ्याकडे बोट करून काहीतरी सांगायला लागले होते. ऐकू येत नव्हतं, पण हात दिसत होता. बोटानं त्यांनी हवेत एक सरळ रेघ काढली, मध्येच ती उंच चढवली, आणि मग तळहातानं ती उंच रेघ पुसून सपाट केली.